फर्मवेअर अपडेटनंतर होम थिएटर प्रोसेसरचा आवाज तुटतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होम थिएटर प्रोसेसर म्हणजे आवाज उलगडून तो ॲम्प्लिफायरकडे सोपवणारी पेटी, आणि फर्मवेअर म्हणजे तिच्या आतील सॉफ्टवेअर. पॉवर ॲम्प्लिफायर वेगळा ठेवून असा प्रोसेसर वापरणाऱ्या वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच पेटीत ॲम्प्लिफायर असलेल्या एव्ही रिसीव्हरलाही यातील बहुतेक उत्तरे तशीच लागू पडतात. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आणि पुढे अपवादाची उदाहरणे घेतली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आवाज कधी क्षणभर जातो, कधी दोन-तीन सेकंद जातो. हे एकच दुखणे आहे का?

बहुधा नाही, आणि म्हणूनच सेटिंगला हात लावण्यापूर्वी लक्षण नीट पाहून घ्यावे. चित्र आणि आवाज दोन्ही जाऊन काही सेकंदांनी परत येत असतील, तर प्लेअर, प्रोसेसर आणि टीव्ही यांच्यातील एचडीएमआय जोडणी तुटून नव्याने जुळते आहे. चित्र अखंड चालू आहे, पण आवाज जातो आणि त्याच क्षणी प्रोसेसरच्या डिस्प्लेवरील ‘डॉल्बी ॲटमॉस’ किंवा ‘पीसीएम’ (आधीच उलगडलेला डिजिटल आवाज) असे ध्वनिप्रकाराचे नाव पुसले जाऊन पुन्हा उमटते, असे होत असेल, तर प्रोसेसरला येणारा ध्वनिप्रवाह खंडित होतो आहे. नाव जसेच्या तसे राहते आणि तरीही आवाज जातो, तेव्हा सिग्नल आत पोहोचलेला असतो. दोष प्रोसेसरच्या ध्वनिप्रक्रियेत किंवा त्याच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या बाजूला असतो. आवाज गेल्याबरोबर टीव्हीकडे न पाहता डिस्प्लेकडे पाहण्याची सवय लावली, तर निम्मा शोध तेथेच संपतो.

२. अपडेटच्या आधी सर्व व्यवस्थित होते. मग दोष अपडेटचाच नाही का?

दोष अपडेटचा असू शकतो, परंतु तेवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. प्रोसेसर आपण कोणते रिझोल्यूशन आणि कोणते ध्वनिप्रकार स्वीकारतो याची माहिती प्लेअरला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. अपडेटनंतर ही माहिती बदलली किंवा इनपुटची एचडीएमआय सेटिंग मूळ पदावर गेली, तर प्लेअर पूर्वीपेक्षा वेगळा, कदाचित अधिक वजनदार सिग्नल पाठवू लागतो. तोवर निभावून नेणारी केबल तेथे उघडी पडते (प्रश्न ६ पाहावा). दुसरी शक्यता अनेकांच्या लक्षात येत नाही. टीव्ही आणि स्ट्रीमिंग बॉक्स बहुतेक घरांत आपोआप अपडेट होतात, त्यामुळे प्रोसेसरच्या अपडेटच्या आसपास त्यांचीही आवृत्ती बदललेली असू शकते. तिन्ही उपकरणांची सध्याची आवृत्ती लिहून घ्यावी आणि मगच निष्कर्ष काढावा.

३. अपडेट संपल्यावर सर्वांत आधी काय करावे?

तिन्ही उपकरणे रिमोटने बंद करून भागत नाही, कारण स्टँडबायमध्ये प्रोसेसरचा नेटवर्क आणि एचडीएमआय विभाग बहुधा जागाच राहतो आणि जोडणीची जुनी माहिती तशीच धरून ठेवतो. टीव्ही, प्रोसेसर आणि प्लेअर यांचे प्लग भिंतीवरील सॉकेटमधून काढावेत, सुमारे दहा मिनिटे थांबावे, मग आधी टीव्ही, नंतर प्रोसेसर आणि शेवटी प्लेअर सुरू करावा. अपडेटनंतरच्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावर मिटतात.

त्यानंतर सेटिंग तपासावी. प्रत्येक इनपुटची एचडीएमआय सिग्नल सेटिंग, एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून उलट प्रोसेसरकडे आणणारी सोय), सीईसी नियंत्रण (एका रिमोटने जोडलेली इतर उपकरणे चालवणे), ऑटो लिप सिंक (आवाज ओठांच्या हालचालीशी जुळवणे), आपोआप स्टँडबाय आणि १२ व्होल्ट ट्रिगर (ॲम्प्लिफायरला चालू-बंद करणारा इशारा) या गोष्टी पूर्वीसारख्याच आहेत ना, हे एकेक करून पाहावे. अपडेट करण्यापूर्वी या पानांची मोबाईलवर छायाचित्रे काढून ठेवली असतील, तर हे काम फार लवकर होते.

४. दोष प्रोसेसरमध्ये आहे, केबलमध्ये आहे की प्लेअरमध्ये, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

पहिली चाचणी अगदी साधी आहे आणि तिला काहीही खर्च नाही. आवाज तुटला की तीस सेकंद मागे जाऊन तोच भाग पुन्हा लावावा. नेमक्या त्याच शब्दावर पुन्हा तुटला, तर दोष त्या डिस्कमध्ये, फाइलमध्ये किंवा ती उलगडणाऱ्या डिकोडरमध्ये आहे (प्रश्न ११ पाहावा). या वेळी तो भाग स्वच्छ वाजला आणि आवाज दुसरीकडेच कुठेतरी तुटला, तर केबल, जोडणी, वीज किंवा उष्णता यांपैकी काहीतरी कारण आहे.

दुसऱ्या चाचणीत एचडीएमआय पूर्णपणे बाजूला ठेवावे. प्रोसेसरमध्येच असलेली नेटवर्क संगीतसेवा, यूएसबीवरील गाणी किंवा ॲनालॉग इनपुट अर्धा-पाऊण तास वाजवावे. हे अखंड चालले, तर ध्वनिप्रक्रिया आणि ॲम्प्लिफायर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. ऑप्टिकल केबलही येथे उपयोगी पडते; तिच्यातून दोन चॅनलचा पीसीएम, डॉल्बी डिजिटल किंवा साधा डीटीएस एवढेच जात असले, तरी चाचणीसाठी ते पुरेसे आहे.

तिसऱ्या चाचणीत प्लेअरचे ध्वनी आउटपुट बिटस्ट्रीमवरून पीसीएमवर न्यावे. पीसीएममध्ये डिकोडिंग प्लेअर करतो, बिटस्ट्रीममध्ये ते प्रोसेसर करतो. बिटस्ट्रीमवर तुटणारा आवाज पीसीएमवर तुटेनासा झाला, तर प्रोसेसरचा डिकोडर किंवा त्याला लागणारा विशिष्ट प्रवाह तपासावा (प्रश्न ५). चौथ्या चाचणीत प्रोसेसरकडून टीव्हीकडे जाणारी केबल काढून टाकावी आणि ओळखीची संगीताची डिस्क चित्राशिवाय वाजवावी. तरीही आवाज तुटत असेल, तर टीव्ही आणि त्याची केबल यांचा संबंध उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकाच संध्याकाळी केबल, सेटिंग आणि इनपुट असे तिन्ही बदलणाऱ्यांचा आवाज कधी कधी सुधारतो, पण कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर सारे पहिल्यापासून शोधावे लागते.

५. डॉल्बी डिजिटल आणि साधा डीटीएस ठीक वाजतात. फक्त ट्रूएचडी, ॲटमॉस किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ तुटतो. असे का?

हे प्रकार एचडीएमआयवरून वेगळ्या मार्गाने जातात. डॉल्बी डिजिटलची कमाल गती सेकंदाला ६४० किलोबिट आहे, तर ट्रूएचडीची १८ मेगाबिटपर्यंत आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओची सुमारे २४.५ मेगाबिटपर्यंत जाते. अशा प्रवाहासाठी एचडीएमआयमध्ये उच्च-बिटरेट ध्वनीची स्वतंत्र पॅकेट-पद्धत वापरावी लागते. अपडेटमध्ये ती हाताळणाऱ्या भागात चूक राहिली, तर नेमके हेच प्रकार तुटतात आणि बाकीचे सुरळीत राहतात. त्यामुळे हे लक्षण खऱ्या फर्मवेअर-दोषाकडे बोट दाखवते आणि ते कंपनीला जरूर कळवावे (प्रश्न १५).

मात्र ‘ॲटमॉस’ हे नाव दिसले म्हणून प्रवाह एकच समजू नये. स्ट्रीमिंगमधील ॲटमॉस बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो, ब्लू-रेवरील ॲटमॉस बहुधा ट्रूएचडीमधून येतो, आणि ॲपल टीव्ही ४के तो डॉल्बी मॅट या आवरणात, पीसीएम आणि त्याच्या सोबतची स्थानमाहिती (कोणता आवाज खोलीत कोठून यावा याची माहिती) अशा रूपात पाठवतो. तिन्हींची वेगवेगळी तपासणी करावी. केवळ ॲपल टीव्हीवर तुटत असेल आणि ब्लू-रेवर तुटत नसेल, तर ‘ॲटमॉस बिघडला’ ही तक्रार अपुरी ठरते आणि सेवा केंद्रही चुकीच्या दिशेने शोध घेते.

६. केबल तीच आहे आणि इतके दिवस चालली. ती एकाएकी कशी खराब होईल?

केबल खराब झालेली नसते. तिच्यावरचा भार वाढलेला असतो. एचडीएमआयमध्ये आवाजासाठी वेगळी तार नाही. चित्राच्या ओळींमधील आणि फ्रेमांमधील मोकळ्या वेळेत ध्वनीची पॅकेट त्याच तारांवरून पाठवली जातात, आणि ध्वनीचे घड्याळसुद्धा चित्राच्या घड्याळावरून तयार केले जाते. १०८०पी ६० हर्ट्झ चित्राला सुमारे ४.४६ गिगाबिट, तर ४के ६० हर्ट्झला सुमारे १७.८ गिगाबिट वेग लागतो. चित्राचा दुवा क्षणभर जरी सुटला, तरी डोळ्याला फक्त एक लुकलुक जाणवते. प्रोसेसरला मात्र घड्याळ पुन्हा धरून, डिकोडर पुन्हा सुरू करून आवाज सोडावा लागतो, आणि त्यात एक-दोन सेकंद जातात. म्हणूनच केबलचा दोष पुष्कळदा ‘आवाजाचा दोष’ म्हणून सांगितला जातो.

तपासण्यासाठी प्लेअर तात्पुरता १०८०पीवर ठेवून तोच चित्रपट पाहावा. आवाज तुटणे थांबले, तर केबल किंवा पोर्ट पाहावे. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे प्रमाणपत्र असलेली, खोक्यावर तपासता येणारा क्यूआर कोड असलेली केबल घ्यावी. प्रोजेक्टरसाठी टाकलेल्या लांब फायबर केबलला दिशा असते. बाणाचे टोक टीव्ही किंवा प्रोजेक्टरकडे हवे. खोबणीतून ओढताना ती उलटी गेली असेल, तर चित्र येणारच नाही. पण दिशा बरोबर असूनही वळणावर ती फार दुमडली गेली असेल, तर असा अधूनमधून तुटणारा सिग्नल मिळतो.

७. टीव्हीमधील ॲपचा आवाज ईएआरसीने प्रोसेसरला येतो आणि फक्त तोच तुटतो. काय करावे?

येथे आवाज उलट दिशेने, टीव्हीकडून प्रोसेसरकडे येतो, त्यामुळे टीव्हीची सेटिंग आणि टीव्हीचे अपडेट यांना समान महत्त्व आहे. प्रथम टीव्हीच्या डिजिटल आउटपुटची सेटिंग पाहावी. ‘पास-थ्रू’ आणि ‘ऑटो’ दोन्ही करून पाहावेत, कारण ‘ऑटो’मध्ये काही टीव्ही आवाज स्वतः उलगडून पुन्हा बांधतात. मग टीव्हीची ईएआरसी बंद करून साध्या एआरसीवर एक चित्रपट पाहावा. एआरसीवर अखंड चालले, तर ईएआरसीचीच जुळणी फसते आहे. साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही, पण स्ट्रीमिंगचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून जाऊ शकतो, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंतचा तोटा फारसा जाणवत नाही.

आवाज तुटत नाही, तर डीटीएस ट्रॅकला सुरुवातीपासूनच येत नाही, अशी तक्रार असेल, तर ती वेगळी बाब आहे. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमध्ये डीटीएस काढून टाकले. एलजीने ते २०२० मध्ये काढले आणि २०२३ च्या काही मॉडेलमध्ये परत आणले. अशा टीव्हीत डीटीएस असलेला प्लेअर थेट प्रोसेसरला जोडणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

८. मेनूतून चित्रपट सुरू केला, वाहिनी बदलली किंवा जाहिरात संपली, की सुरुवातीचे दोन सेकंद आवाज येत नाही. हा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्ट्रीमिंग बॉक्सचा मेनू ६० किंवा ५० हर्ट्झवर असतो आणि चित्रपट २३.९७६ फ्रेमवर. ‘मॅच फ्रेम रेट’ (चित्रपटाच्या फ्रेमगतीप्रमाणे आउटपुट बदलणारी सेटिंग) चालू असेल, तर चित्रपट सुरू होताना सारी एचडीएमआय जोडणी नव्याने जुळते. सेट-टॉप बॉक्सवर वाहिनी बदलताना स्टिरिओ आणि डॉल्बी यांची अदलाबदल झाली, तरी डिकोडर थांबून पुन्हा सुरू होतो. अपडेटनंतर हा खंड पूर्वीपेक्षा ठळकपणे लांबला असेल, तर ऑटो लिप सिंक बंद करून पाहावे. संवादाच्या मध्येच खंड पडत असेल, तर मात्र तो या प्रश्नात येत नाही. त्यासाठी प्रश्न ४ पासून सुरुवात करावी.

गाण्यांच्या यादीतही हाच प्रकार होतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या गाण्यानंतर ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झचे गाणे आले, की प्रोसेसर क्षणभर आवाज दाबतो आणि तानपुऱ्याचा पहिला झंकार किंवा मुखड्याचे पहिले अक्षर हरवते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हे फार खटकते, आणि ते रास्त आहे. प्लेअरचे आउटपुट एकाच सॅम्पल रेटवर कायम ठेवले, तर हा त्रास थांबतो.

९. आवाज फक्त शांत प्रसंगांत जातो आणि मोठा आवाज आला की परत येतो. अपडेटने असे कसे झाले?

ही तक्रार जवळजवळ नेहमी पॉवर ॲम्प्लिफायरची असते. काही ॲम्प्लिफायरमध्ये सिग्नल नसताना आपोआप झोपण्याची सोय असते. प्रोसेसरच्या १२ व्होल्ट ट्रिगरने तो चालू राहत होता, पण अपडेटमध्ये ट्रिगरची सेटिंग मूळ पदावर गेली आणि ॲम्प्लिफायर सिग्नल ओळखून जागे होण्याच्या स्थितीवर राहिला, असे घडते. कुजबुज चालू असताना तो सिग्नल नाही असे समजून बंद होतो, आणि स्फोट झाला की टक् असा रिलेचा आवाज करून जागा होतो. तो ‘टक्’ ऐकू येणे हीच खूण. एकटा सबवूफर जात असेल, तर त्याच्या मागील ‘ऑटो’ बटण ‘ऑन’वर करून पाहावे.

१०. फ्रिज सुरू झाला, पंख्याचे बटण दाबले किंवा इन्व्हर्टरवर बदल झाला, की आवाज तुटतो. याचा फर्मवेअरशी संबंध आहे का?

थेट संबंध नाही. बटणातील ठिणगी आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा विजेचा झटका यांमुळे एचडीएमआयच्या अतिवेगवान सिग्नलमध्ये व्यत्यय येऊ शकतो, आणि केबल आधीच काठावर असेल, तर तेवढ्याने दुवा सुटतो. अपडेटनंतर सिग्नलचा वेग वाढला असल्यास हा त्रास तेव्हाच पहिल्यांदा जाणवतो. अर्थिंग तपासून घ्यावे, केबल वीजतारांपासून दूर न्यावी. आवाज तासाभराने तुटायला लागून उपकरण थंड झाल्यावर तुटणे थांबत असेल, तर प्रोसेसर बंद कपाटात तापतो आहे. मागची फळी उघडी ठेवून एकदा पाहावे.

११. एकाच डिस्कवर, एकाच ठिकाणी आवाज तुटतो. बाकी सर्व चित्रपट ठीक आहेत.

काही ब्लू-रे डिस्कवर एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या किंवा वेगवेगळ्या भाषांची श्रेयनामावली असते, आणि प्लेअर समान तुकडे जोडत पुढे जातो. हे सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, पण ट्रूएचडीचा प्रवाह तेथे नेमका जुळला नाही, तर आवाजात क्षणभर खंड पडतो. अपडेटने प्रोसेसरची अशा विसंगतीबद्दलची सहनशीलता कमी किंवा जास्त केलेली असू शकते. डिस्कवरून बनवलेल्या फाइलमध्ये हा दोष अधिक ठळक होतो. त्या डिस्कपुरते प्लेअरचे आउटपुट पीसीएमवर ठेवावे आणि केबल बदलण्यात पैसे घालवू नयेत. पीसीएमवर ॲटमॉसची स्थानमाहिती निघून जाते, एवढे लक्षात असू द्यावे.

१२. फॅक्टरी रीसेट करावा का? डिराक किंवा ऑडिसी या खोलीनुसार आवाज जुळवणाऱ्या प्रणालींची मोजणी जाईल का?

प्रश्न ३ आणि ४ मधील पायऱ्या झाल्यानंतरच रीसेट करावा. नवे फर्मवेअर जुन्या सेटिंगचा चुकीचा अर्थ लावत असेल, तर रीसेटने खरोखर फरक पडतो, पण बहुतेक प्रोसेसरमध्ये त्यात स्पीकरची मोजणी, नावे आणि इनपुटची रचना पुसली जाते. आधी वेब पानावरून किंवा मोबाईल ॲपमधून सर्व सेटिंगची फाइल जतन करावी. मात्र रीसेटनंतर लगेच ती फाइल परत चढवू नये. आधी कोऱ्या स्थितीत दोन-तीन दिवस चित्रपट पाहावेत. तुटणे थांबले, की मग फाइल चढवावी. फाइल चढवल्यावर दोष परत आला, तर तो त्या जुन्या सेटिंगमध्येच आहे, आणि मोजणी पुन्हा करण्याला पर्याय नाही.

१३. जुन्या फर्मवेअरवर परत जाता येते का? नाही, तर पुढच्या अपडेटची वाट पाहावी का?

ते कंपनीवर अवलंबून आहे. काही उत्पादक जुनी फाइल यूएसबीवरून चढवू देतात, अनेक देत नाहीत. अनधिकृत ठिकाणाहून मिळालेली फाइल चढवण्याचा धोका पत्करू नये. ती दुसऱ्या प्रदेशाच्या मॉडेलची असेल, तर प्रोसेसर कायमचा बंद पडू शकतो.

प्रत्येक दोष सॉफ्टवेअरने सुटतो असेही नाही. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ असलेल्या काही रिसीव्हरना एक्सबॉक्स सिरीज एक्सचा ४के १२० हर्ट्झ सिग्नल पुढे पाठवता येईना. दोष एचडीएमआय चिपमध्ये होता. डेनॉन आणि मरँट्झ यांनी बाहेरून जोडायचा ॲडॅप्टर दिला, यामाहाने बोर्ड बदलून देण्याचा मार्ग धरला. गेम कन्सोलवर अशी अडचण येत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज ईएआरसीने प्रोसेसरला आणावा (प्रश्न ७).

१४. अपडेट चालू असताना वीज गेली तर?

फर्मवेअर अनेक भागांत चढते: मुख्य नियंत्रण, एचडीएमआय, ध्वनिप्रक्रिया, नेटवर्क. वीज मध्येच गेली आणि प्रोसेसर तरीही सुरू झाला, तर काही भाग नवे आणि काही जुने राहिलेले असू शकतात, आणि अशा अर्धवट अवस्थेत आवाज तुटणे अगदी संभवनीय आहे. सर्व भागांच्या आवृत्त्या पाहून अपडेट पुन्हा पूर्ण करावे. प्रोसेसर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असावेत, नेटवर्क केबलने जोडलेले असावे, आणि आपल्या भागात महावितरणच्या देखभालीचा जो वार असेल, त्या दिवशी अपडेटला हात लावू नये. प्रोसेसर सुरूच होत नसेल, तर त्याच्या माहितीपुस्तिकेतील यूएसबी पुनर्स्थापनेची पद्धत वापरावी. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ स्वरूपात लागतो.

१५. सेवा केंद्राला काय कळवावे, म्हणजे ते ‘केबल बदला’ एवढेच सांगून थांबणार नाहीत?

तिन्ही उपकरणांची मॉडेले आणि फर्मवेअर आवृत्त्या, अपडेटची तारीख, आवाज तुटताना डिस्प्लेवर दिसणारे फॉरमॅटचे नाव आणि सॅम्पल रेट, चित्र जाते की नाही, प्रश्न ४ मधील चारही चाचण्यांचे निकाल, आणि प्रमाणित केबल लावूनही फरक पडला नाही, तर तसा स्पष्ट उल्लेख. मोबाईलवर एका चौकटीत टीव्ही आणि प्रोसेसरचा डिस्प्ले दोन्ही दिसतील असे चित्रीकरण जोडावे. त्याने लांबलचक पत्रव्यवहार वाचतो. उपकरण केंद्रात न्यावे लागले, तर आधी सेटिंगची फाइल उतरवून घ्यावी (प्रश्न १२), कारण बोर्ड बदलल्यास मोजणी परत मिळेलच असे नाही.